‘कीटकनाशिक’: फाइंड-रिप्लेसमध्ये रेग्युलर एक्सप्रेशन वापरून केलेला घोळ (मदत हवी)

नवा_जुळारी (धागाकर्ता)

मंडळी, अशोकस्तंभाजवळ माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल असली कामं. या महिन्यात एका मंडळाची स्मरणिका आलीये, २४० पानांची. निम्मा मजकूर जुन्या अंकांवरून स्कॅन करून ओसीआरनं (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं) काढलेला, काही जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये फिरवलेला, उरलेला सभासदांनी व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवलेला. त्यामुळे एकाच पुस्तकात आपल्या गावाचं नाव चार तऱ्हांनी आलंय: नाशिक, नासिक, नाशीक, आणि ओसीआरनं वेलांटी खाल्ली तिथे नाशक. संपादक म्हणाले, सगळीकडे ‘नाशिक’ करून टाका.

भाच्यानं मागे नोटपॅड प्लस प्लस या एडिटरमध्ये रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे एकाच नमुन्यानं अनेक तऱ्हांचे शब्द शोधणं, दाखवलं होतं. चौकटी कंसात अक्षरं टाकली की त्यातलं कुठलंही एक चालतं, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं की ‘असलं तर असलं, नसलं तर नसलं’. मी हुशारी केली:

ना[शस][िी]?क

बदली ‘नाशिक’. रिप्लेस ऑल. ६१२ बदल झाले. खूश होऊन फाइल सेव्ह केली, बंद केली आणि चहाला गेलो.

परत येऊन प्रिंट काढली तर द्राक्षशेतीच्या लेखात ‘कीटकनाशिक’ आणि ‘बुरशीनाशिक’. लासलगावच्या लेखात ‘नाशिका कांदा वेगळा काढावा’ (मूळ ‘नासका’). १९६९ च्या महापुराच्या लेखाचं शीर्षक ‘विनाशिकाले विपरीत बुद्धी’. कुणीतरी मराठी व्याकरणावर लिहिलंय, त्यात ‘अनुनाशिक’. आणि पहिल्याच लेखात, लक्ष्मणानं शूर्पणखेची ‘नाशिका’ कापली म्हणून गावाला हे नाव पडलं, अशी आख्यायिका.

मूळ फाइल मेलमध्ये आहे, त्यामुळे रडायची वेळ नाही. पण हे नीट कसं करायचं? पुस्तक १२ दिवसांत छापायला जायचंय.

(कोडमधली इंग्रजी अक्षरं-आकडे मी उच्चारानं लिहितोय, मोबाइलवर कीबोर्ड बदलायचा कंटाळा.)

---

मिसळ_जास्त_तर्री

‘विनाशिकाले’ वाचून ऑफिसात एकटाच हसतोय. ते शीर्षक तसंच ठेव राव, १९६९ च्या पुरात रामकुंडाची काय अवस्था झाली होती ते आजोबा सांगायचे. त्याला विनाशिकालच म्हणायला हवं.

---

वेलांटी

दादा, अर्धा घोळ त्या प्रश्नचिन्हानं केलाय. वेलांटी ऐच्छिक केलीत म्हणजे ‘नाशक’ आणि ‘नासक’ या दोन्ही आकृत्यांना तुम्हीच आत घेतलं. संगणकाला ‘कीटकनाशक’ हा शब्द दिसत नाही, त्याला क-ी-ट-क-न-ा-श-क अशी माळ दिसते. त्या माळेत कुठेही तुमचा तुकडा बसला की तो उचलतो.

प्रश्नचिन्ह काढा. ओसीआरनं वेलांटी खाल्लेल्या जागा शेवटी हातानं बघायच्या. आता उरले ‘अनुनासिक’ आणि ‘नासिका’. अनुनासिकसाठी, मागे देवनागरी अक्षर नको असं सांगता येतं:

(?<![ऀ-ॿ])ना[शस][िी]क

त्या कंसाचा अर्थ ‘याच्या लगेच आधी देवनागरीतलं काही नको’. युनिकोडनं देवनागरीला ०९०० ते ०९७एफ अशा १२८ जागा दिल्यात. त्यातली पहिली आणि शेवटची खूण चौकटी कंसात, मध्ये डॅश. या पट्ट्यात आकडे आणि दंडही येतात, हे लक्षात ठेवा. म्हणजे ‘।नाशिक’ असं जागा न सोडता चिकटलेलं असेल तर ते सुटेल.

‘नासिका’साठी शेवटी (?!ा) लावा, म्हणजे ‘पुढे काना नको’.

---

रविवार_कारंजा

पुढेही (?![ऀ-ॿ]) लावलं तर सरळ पूर्ण शब्दच मिळेल ना? मी इंग्रजीत कायम तसंच करतो, दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश-बी, म्हणजे ‘इथे शब्दाची कड हवी’.

---

वेलांटी

इंग्रजीत चालतं हो. मराठीत नाशिकला, नाशिकहून, नाशिकच्या, नाशिककर हे सगळं हातचं जाईल. आपला शब्द क्वचितच एकटा फिरतो, प्रत्यय कडेवर घेऊनच निघतो.

आणि ते बॅकस्लॅश-बी तुम्ही व्हीएस कोडमध्ये ‘नाशिक’च्या दोन्ही बाजूंना लावून बघा. चालू फाइलमधल्या शोधाला तिथे जावास्क्रिप्टचं इंजिन आहे, आणि त्याच्या लेखी शब्द म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर. देवनागरी सगळी त्याला रिकाम्या जागेसारखीच. दोन्हीकडे जागा सोडून लिहिलेला ‘नाशिक’ काही सापडणार नाही. बॅकस्लॅश-डी, म्हणजे ‘कुठलाही एक आकडा’, त्याचंही तेच, तिथे ते ०-९ चे फक्त इंग्रजी आकडे ओळखतं. लिबर ऑफिसमध्ये मात्र तेच बॅकस्लॅश-डी देवनागरी आकडेही पकडतं. एक नमुना, दोन एडिटर, दोन उत्तरं. म्हणून मराठी मजकुरात मी सरळ [०-९] असं लिहून मोकळी होते.

---

पंचवटीचे_आजोबा

सर्वांचे प्रतिसाद वाचले. संगणकातलं मला कळत नाही, पण एक गोष्ट धागाकर्त्याच्या नजरेतून निसटली आहे. ‘नाशक’ ही प्रत्येक ठिकाणी यंत्राची चूक नाही. ‘नाशकात’, ‘नाशकास’, ‘नाशकाहून’ ही आमच्या बोलण्यातली शुद्ध रूपं आहेत. कापूस - कापसाचा, माणूस - माणसाला, तसं नाशिक - नाशकात. प्रत्यय लागताना उपान्त्य वेलांटी जाते. आमच्या घरी ‘नाशिकमध्ये’ कुणी म्हणत नसे, ‘नाशकात’च म्हणत.

तुमच्या जुन्या अंकांतल्या लेखकांनी ‘नाशकात’ लिहिलं असणार आणि आपण त्याचं ‘नाशिकात’ केलं असणार. तपासा.

---

नवा_जुळारी

आजोबा, पाया पडतो. आत्ता मोजलं. मूळ फाइलमध्ये ‘नाशका’ नं सुरू होणारे ४७ शब्द आहेत आणि बहुतेक सगळे ‘नाशकात’! मी ४७ च्या ४७ बिघडवले होते. ओसीआरनं खरोखर वेलांटी खाल्लेली ठिकाणं फक्त ६ निघाली.

म्हणजे ज्यासाठी ते प्रश्नचिन्ह टाकलं, तो आजार मुळात ६ ठिकाणीच होता.

---

मिसळ_जास्त_तर्री

औषधानं पेशंट गेला.

जरा कामाचं बोलतो. रिप्लेस ऑलच्या आधी त्याच खिडकीतलं ‘काउंट’ दाबत जा. आणि ‘फाइंड ऑल इन करंट डॉक्युमेंट’ दाबलंस की खाली सगळ्या ओळी एकाखाली एक येतात. ६१२ ओळींवरून नजर फिरवायला पंधरा मिनिटं लागतात, ‘कीटकनाशक’ तिसऱ्या मिनिटालाच दिसलं असतं. मी सातपूरला एका कारखान्यात स्टोअरचा हिशोब बघतो, पार्ट नंबरच्या याद्या अशाच साफ करतो. मोजल्याशिवाय बदल करायचा नाही, हे मला साहेबांच्या शिव्या खाऊन कळलं.

अजून एक: त्याच खिडकीत ‘डॉट मॅचेस न्यूलाइन’ असा चौकोन आहे. त्यावर खूण राहिली असेल आणि तू ‘टिंब फुली’ (काहीही, कितीही वेळा) वापरलंस, तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच मॅच.

---

गोदाकाठची

टिंबावरून आठवलं. टिंब म्हणजे ‘कुठलंही एक’, हे डीटीपीवाले हमखास विसरतात, कारण मराठीत टिंबाची संक्षिप्त रूपं ढीगभर. मी ‘इ.स.’ शोधत होते, सगळीकडे ‘इसवी सन’ करायला. एका लेखात ‘इतस्ततः’ होतं. इ, मग काहीही एक, मग स, मग काहीही एक. झालं ‘इसवी सनततः’. खरं टिंब हवं असेल तर आधी बॅकस्लॅश: इ\.स\.

आणि ‘एक’ म्हणजे डोळ्यांना दिसतं ते एक अक्षर नव्हे. ‘त्र्यंबकेश्वर’ आपल्याला पाच अक्षरी वाटतं. एडिटरला तेरा खुणा दिसतात: त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार, ब, क, मात्रा, श, हलन्त, व, र. म्हणून टिंबानं अक्षर मोजायला गेलात की काना-मात्रा तुटून हातात येते.

चौकटी कंसात नुसती वेलांटी टाकल्यावर ठिपक्यांचं गोल वर्तुळ दिसतं, त्यालाही घाबरू नका. अक्षराशिवाय मात्रा लटकत असल्याची ती खूण. नमुना बरोबर चालतो.

---

जुना_खिळा

मी २२ वर्षं हेच केलंय, खिळे जुळवण्यापासून ते श्रीलिपीपर्यंत. जुन्या फॉन्टचा मजकूर आहे म्हणालास, तर तुझं खरं दुखणं अजून पुढे आहे. जुन्या फॉन्टमध्ये जसं दिसतं तसं टाइप व्हायचं, म्हणजे पहिली वेलांटी आधी, व्यंजन नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे: आधी व्यंजन, मग वेलांटी. फिरवणारं सॉफ्टवेअर कच्चं असेल तर ‘िनसर्ग’, ‘नािशक’, ‘िस्थती’ असलं काहीतरी उरतं.

मी पहिल्यांदा काय केलं सांगतो, म्हणजे तू करणार नाहीस. शोधलं: ि([क-ह]), आणि बदली: आधी गट, मग वेलांटी. गट म्हणजे गोल कंसात जे सापडलं ते, बदलीच्या खान्यात त्याला डॉलर-एक म्हणतात. ‘िनसर्ग’चा ‘निसर्ग’ झाला, वा वा. पण फाइलमधले जे शब्द आधीच बरोबर होते, त्यांतही वेलांटीपुढे व्यंजन असतंच की! ‘नाशिक’मध्ये वेलांटीपुढे क आहे. अख्ख्या पुस्तकात गावाचं नाव ‘नाशकि’. ‘कविता’ची ‘कवति’च्या पुढे काना.

मग हे सापडलं:

(?<![क-ह])ि((?:[क-ह]्)*[क-ह])

मागे व्यंजन नसलेली वेलांटी, म्हणजे नक्की अनाथ. पुढे हलन्त व्यंजनं कितीही आणि शेवटी एक पूर्ण व्यंजन, हे सगळं एका गटात. त्यामुळे ‘िस्थती’तला ‘स्थ’ अखंड उचलला जातो आणि वेलांटी त्याच्यामागे जाऊन बसते. क-ह च्या पट्ट्यात ळ येतो का, अशी शंका येईल. बाराखडीत तो ह नंतर, पण युनिकोडमध्ये ल आणि व यांच्यामध्ये ठेवलाय, तेव्हा येतो. क्ष आणि ज्ञ तर जोडाक्षरंच, हलन्ताच्या वाटेनं आपोआप येतात.

पण ‘गणित’चं ‘गिणत’ झालेलं हा नमुना पकडणार नाही. तिथे वेलांटीमागे ग आहे, म्हणजे दिसायला सगळं रीतसर. ‘गिणत’ असा शब्द नाही, हे माणसाला माहीत. त्याला प्रूफरीडरच लागतो.

---

नवा_जुळारी

खिळेकाका, केलं. आणि आता पुस्तकात ३०० ठिकाणी ‘$१ि’ असं छापून आलंय. ‘$१िसर्ग’. काय चुकलं?

---

जुना_खिळा

मराठी कीबोर्ड चालू ठेवून आकडा टाकलास. डॉलरपुढचा आकडा इंग्रजीच लागतो, तसाच महिरपी कंसातला ‘किती वेळा’चा आकडाही. नमुन्यात शोधायचं ते मराठीत, नमुन्याची स्वतःची यंत्रणा इंग्रजीत. कंट्रोल-झेड मार. फाइल बंद केली नाहीस ना?

---

नवा_जुळारी

नाही केली. शिकलोय तेवढं. आता जमलं.

---

आज्ञावली_काका

थोडा इतिहास सांगतो, तरुणांनी पुढे सरकावं. ‘कितीही वेळा’साठी जी फुली वापरता, तिला क्लीनीची फुली म्हणतात. स्टीफन क्लीनी हा अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ. मेंदूतल्या चेतापेशींच्या जाळ्याचं गणिती चित्र कसं मांडायचं, याचा १९५१ साली अभ्यास करताना त्यानं ही मांडणी केली, ती १९५६ मध्ये छापून आली. एडिटरच्या फाइंड खिडकीशी तिचा काडीचा संबंध नव्हता. तो जोडला केन थॉम्पसननं. क्यूईडी या एडिटरमध्ये त्यानं असा शोध बसवला आणि १९६८ मध्ये त्याची पद्धत लेख लिहून मांडली. मग युनिक्सच्या ईडी या एडिटरमध्ये ते आलं. तिथे सगळ्या फाइलभर नमुना शोधून त्या ओळी छाप, अशी आज्ञा होती: जी, तिरपी रेघ, आर-ई (म्हणजे रेग्युलर एक्सप्रेशन), तिरपी रेघ, पी. १९७३ पासून त्याचाच स्वतंत्र प्रोग्राम ग्रेप.

थॉम्पसनची पद्धत सगळ्या शक्यता एकदम बरोबरीनं पुढे नेते. आजच्या बहुतेक एडिटरांची इंजिनं एक वाट धरतात, अडलं की मागे येऊन दुसरी धरतात. म्हणून कंसाच्या आत ‘एक किंवा अधिक’ आणि बाहेर पुन्हा ‘एक किंवा अधिक’ असा नमुना लांब ओळीवर चालवला की एडिटर गोठतो. त्यात संगणकाचा दोष नाही, त्याला वाटाच लाखो दिल्या आपण.

---

मिसळ_जास्त_तर्री

काका, चेतापेशींपासून लग्नपत्रिकेपर्यंत. दंडवत.

---

नवा_जुळारी

पुढचा अध्याय: सभासदांची यादी. नाव, पत्ता, पिन कोड, मोबाइल, सगळं एकाच ओळीत सलग. पिनच्या आधी डॅश घालायचाय. आपल्याकडचे पिन ४२२ नं सुरू होतात (४२२००१, पंचवटी ४२२००३, नाशिकरोड ४२२१०१), म्हणून मी लिहिलं: ४२२[०-९][०-९][०-९]. काउंट केलं तर सभासद ३८०, मॅच ४५१. यावेळी आधी मोजलंय हां, शाबासकी द्या.

---

वेलांटी

शाबास! जास्तीचे ७१ बीएसएनएलचे असणार. ९४२२ नं सुरू होणारे मोबाइल नंबर आपल्याकडे चिक्कार. ९ सोडून पुढे ४२२ आलंच.

दोन्हीकडून आकडे बंद करा:

(?<![०-९])४२२ ?[०-९][०-९][०-९](?![०-९])

मधली जागा आणि प्रश्नचिन्ह मुद्दाम ठेवलंय, काही लोक ‘४२२ ००१’ असं लिहितात.

---

नवा_जुळारी

३७८ आले! उरलेले दोन सभासद पुण्याला राहायला गेलेत.

त्याच यादीच्या मागे सहलीचं पान आहे: ‘सिन्नर (गोंदेश्वर), चांदवड (रेणुकादेवी), वणी (सप्तशृंगी)’. कंसातलं काढायचंय. \(.*\) लिहिलं तर चांदवड आणि वणीही गायब, नुसतं ‘सिन्नर’ उरलं.

---

गोदाकाठची

फुली अधाशी असते, पंगतीत बसली की शेवटचा कंस संपेपर्यंत उठत नाही. \([^)]*\) लिही. म्हणजे ‘उघडता कंस, मग बंद कंस सोडून काहीही, मग बंद कंस’. फुलीपुढे प्रश्नचिन्ह टाकूनही तिला आवरता येतं, पण पहिला प्रकार वाचायला सरळ.

हे सगळं नोटपॅड प्लस प्लस, व्हीएस कोड, लिबर ऑफिससाठी. वर्डमधलं ‘यूज वाइल्डकार्ड्स’ ही वेगळी बोली आहे. तिथे प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर, आणि ‘एक किंवा अधिक’साठी अधिकचं चिन्ह नाही, ॲट द रेटचं चिन्ह. इथले नमुने तिथे चिकटवू नका.

---

द्राक्षबाग_निफाड

मी शेतकरी माणूस, पण तुमचा तो द्राक्षाचा लेख बहुतेक माझाच आहे. ‘शेतकऱ्यांना’ शब्द शोधून बघा, मला माझ्याच पीडीएफमध्ये निम्मेच सापडतात.

---

जुना_खिळा

भाऊ, तो अर्ध्या ‘र’चा खेळ. ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी साठवतात. एक, नुक्तेवाला ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि मग एक अदृश्य जोडक, ज्याला रुंदीच नसते. कागदावर दोन्ही सारखेच, शोधताना दोन परके. तिसरे आळशी लोक साधं ‘शेतकर्यांना’ लिहितात. तिन्ही एकदम पकडायला:

शेतक[रऱ]्.?यां

ते टिंब-प्रश्नचिन्ह त्या अदृश्य पाहुण्यासाठी. ‘ॲप’चंही तसंच: सुट्टा ॲ, अ वर चंद्र, आणि हिंदीवाला ऍ. सापडतील तेवढे एकसारखे करून टाक.

---

नवा_जुळारी

आज फाइल प्रेसला दिली. मूळ मेलमधली प्रत परत घेतली आणि एकेक नमुना, प्रत्येकाआधी काउंट, प्रत्येकानंतर वेगळ्या नावानं सेव्ह. शेवटी ९ फाइली झाल्या, नावं ‘स्मरणिका_१’ पासून ‘स्मरणिका_९_हीच’.

नासिकचं नाशिक केलं, ‘नासिका’ आणि ‘अनुनासिक’ वाचले. ‘नाशकात’ संपादकांना दाखवलं, ते म्हणाले, ज्यांनी लिहिलंय त्यांचं राहू द्या. एका जुन्या लेखात रेल्वे स्थानकाचं ‘नासिक रोड’ अवतरणात होतं, तेही नमुन्यातून सोडवून तसंच ठेवलं. द्राक्षबाग भाऊंच्या लेखात ‘शेतकऱ्यां’ ५२ ठिकाणी निघालं, आधी २९ च दिसत होतं. ‘गिणत’ पान १७३ वर होता. तो माझ्या आईनं चष्मा लावून पकडला, आणि त्याच पानावर ‘किवता’ही.

आजोबा, पंचवटीत कुठे राहता ते व्यनि करा. प्रत घरी आणून देतो.